गॅसचे बार्बेक्यू : आधी जागा, मग ग्रिल

थंडी पडू लागली की गच्चीवर मंडळी जमतात आणि पनीर टिक्का, कणसे, कबाब यांचा बेत ठरतो. कोळसे फुलायला अर्धा तास लागतो, गॅसचे ग्रिल मात्र १०-१५ मिनिटांत तापते. म्हणूनच ते अनेकांना सोयीचे वाटते. पण दुकानात जाण्यापूर्वी ते कुठे ठेवणार, हे ठरवा.

जागा : मोकळी गच्ची किंवा अंगण उत्तम. काचा लावून बंद केलेली बाल्कनी मुळीच नको. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, पण तो जीव घेऊ शकतो.

खरेदी : स्वतंत्र बटणांचे किमान दोन बर्नर असावेत. झाकण नीट बसणारे आणि चरबीचा ट्रे सहज निघणारा हवा. बिडाची जाळी उष्णता धरून ठेवते, पण धुतल्यावर कोरडी पुसून तेल लावावे लागते. सिलिंडरच्या आणि पाइपच्या गॅसचे जेट वेगवेगळे असतात. ग्रिल कोणत्या गॅससाठी आहे, हे विचारून घ्या.

पेटवताना : नळीच्या जोडांवर साबणाचे पाणी लावा. बुडबुडे आले तर गॅस गळतो आहे, असे समजून लगेच बंद करा. झाकण उघडूनच ग्रिल पेटवा. पेटले नाही, तर गॅस बंद करून पाच मिनिटे थांबा.

भाजताना : एक बर्नर मोठा, दुसरा मंद ठेवा. पनीर, ढोबळी मिरची मोठ्या आचेवर पटकन होतात. चिकनला आधी मोठ्या आचेवर रंग आणून मग मंद बाजूला झाकण लावून शिजवा. आतले तापमान ७४ अंश सेल्सिअस झाले की ते खाण्यास योग्य. दह्याऐवजी चक्का वापरल्यास मसाला गळत नाही. लाकडी काड्या अर्धा तास पाण्यात भिजवा. कच्च्या चिकनचा उरलेला मसाला तयार पदार्थावर घालू नका.

कोळशाचा वास हवा असेल, तर भाजलेल्या पदार्थांच्या पातेल्यात वाटी ठेवून त्यात फुललेला निखारा ठेवा, वर थेंबभर तूप सोडा आणि तीन-चार मिनिटे झाका. खमंग धुरी बसेल.

शेवटचा घास संपला की गप्पांना बसण्यापूर्वी सिलिंडर बंद केल्याची खात्री मात्र करून घ्या.