साम्राज्याचे चाकर

स्पेनच्या साम्राज्याचा इतिहास माद्रिदपुरता पाहून भागत नाही; त्याचा एक धागा आयर्लंडमधल्या स्लायगोत सापडतो. इंग्रजी कायद्यांनी कॅथलिकांची जमीन आणि सरकारी नोकरीची वाट अडवली, तेव्हा तिथल्या अम्ब्रोसिओ ओ'हिगिन्स यांनी स्पेन गाठले. अँडीजच्या बर्फात टपालवाल्यांसाठी विटांचे निवारे बांधणारे हे गृहस्थ १७९६ मध्ये पेरूचे व्हाइसरॉय झाले. चिलीतल्या मूळ रहिवाशांच्या मानेवरची एन्कोमिएन्डाची वेठ त्यांनीच उठवली. सत्ता मात्र स्पेनची राखली. १८१८ मध्ये त्यांचाच मुलगा बर्नार्दो याने चिलीचे स्वातंत्र्य जाहीर केले. एका राजवटीने पोळलेली माणसे दुसरीचे खांब होतात, हे आपल्यालाही नवे नाही. साम्राज्यांचा हिशेब मांडताना राजांइतकेच त्यांचे चाकरही तपासायला हवेत. हा अंक त्यासाठीच.