या वयात कांजिण्या?

पोटावर एकच लाल ठिपका होता. शुक्रवारी संध्याकाळी लॉकर रूममध्ये बॉयलर सूट उतरवताना दिसला. 'रूमवर ढेकूण झालेत बहुतेक,' म्हणून मी विषय संपवला. दोन दिवस अंग मोडून आलं होतं, कणकणही होती. पण मार्च एंड आणि ऑडिट एकाच आठवड्यात आल्यावर आजारी पडायची चैन कोणाला परवडते, सांगा! एक क्रोसिन, मशीनची कॉफी आणि पुन्हा स्क्रीनसमोर. तुम्हीही हेच केलं असतंत. खोटं बोलू नका.

शनिवारी सकाळी आरशात पाहिलं आणि मोजणं सोडून दिलं. छातीवर, पाठीवर, केसांत, एक तर थेट पापणीवर. काही नुसते लाल, काही पाण्याने टम्म भरलेले. वय वर्षं सत्तावीस, केमिकल इंजिनीअर, आणि रोग कुठला? तर केजीतल्या पोरांचा!

ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या शिमग्यातली. मी तेव्हा लोट्याला होतो. खेड तालुक्यातलं, मुंबई-गोवा हायवेवरचं लोटे. परशुराम घाट उतरला की खाली चिपळूण आणि वर आमची एमआयडीसी. पुण्याहून गेलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात तिथला वास येतो, दुसऱ्या आठवड्यात तो वास वारा कुठून येतोय ते सांगायला लागतो, आणि तिसऱ्या आठवड्यात काहीच येत नाही. प्लांटवर प्रत्येकाची नजर अधूनमधून वर विंड सॉककडे जाते. काही लीक झालंच तर कुठल्या दिशेने पळायचं, ते ती कापडी नळी सांगते. आम्ही हेल्मेट, गॉगल, मास्क, सेफ्टी शूज घालून फिरणारी माणसं. आणि एसी कंट्रोल रूममध्ये शिफ्ट बदलताना एकाच टेबलाभोवती दहा जण अर्धा तास लॉगबुकवर वाकलेले. तिथे विंड सॉक नसतो.

चिपळूणच्या डॉक्टरांनी मला दारातूनच ओळखलं. वेटिंग रूममध्ये बसूसुद्धा दिलं नाही, मागच्या दाराने आत घेतलं. "लहानपणी झाल्या नव्हत्या?" बहुतेक नाही. "लस?" बहुतेक नाही. "गेल्या दोन-तीन आठवड्यांत कोणाच्या संपर्कात?" आणि मला भाच्याचा वाढदिवस आठवला. बरोबर पंधरा दिवसांपूर्वी, डोंबिवलीला. केक कापताना साहेब माझ्या मांडीवर होते. दुसऱ्या दिवशी त्याला 'घामोळं' आल्याचा ताईचा मेसेजही आला होता. त्यावर मी एक हसरा इमोजी पाठवला होता.

कांजिण्यांचा विषाणू अंगात शिरला की दहा ते एकवीस दिवस गप्प बसतो. बहुतेकदा चौदा ते सोळा. मग ताप, मग फोड. तरी म्हटलं, या वयात? डॉक्टर म्हणाले, यात नवल काही नाही. थंड देशांत लस येण्याआधी दहाव्या वर्षापर्यंत जवळपास प्रत्येक पोराला कांजिण्या होऊन जायच्या. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात बरेच जण तशीच कोरी पाटी घेऊन मोठे होतात, नोकरीला लागतात, पीजीत आणि हॉस्टेलवर राहायला येतात. आणि मोठेपणी हा रोग गंमत राहत नाही. अमेरिकेत लस येण्यापूर्वी कांजिण्यांच्या रुग्णांत मोठी माणसं होती पाच टक्क्यांच्या आसपास, पण मृत्यूंमध्ये त्यांचा वाटा होता जवळजवळ पस्तीस टक्के. मुख्य भीती न्यूमोनियाची. "धाप लागली, खोकला वाढला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठायचं. सकाळची वाट पाहायची नाही."

हे सगळं मी हूं हूं करत ऐकत होतो. मग त्यांनी सहज विचारलं, "बुधवार संध्याकाळपासून कोणाकोणाला भेटलात?"

"बुधवार? ठिपका तर काल आला!"

"फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून तुम्ही तो वाटत असता. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत वाटत राहाल."

बॉस, पोटात गोळा आला म्हणजे काय ते तेव्हा कळलं. बुधवारी ऑडिटची मीटिंग. गुरुवारी सी शिफ्टचा हँडओव्हर. बाइकवर रोज मागे बसणारा शेजारच्या खोलीतला पोरगा. आणि गुरुवारी रात्री मेसच्या काकूंच्या वाडीत पालखी आली होती. ढोल-ताशे, मुंबईहून आलेले चाकरमानी, ही गर्दी. पालखी गेल्यावर काकूंच्या ओटीवर आम्ही तासभर पुरणपोळ्या हाणत बसलो होतो. वाढायला काकूंची मुलगी होती. माहेरी आलेली, आठवा महिना.

कांजिण्या झालेल्या माणसाबरोबर एकाच घरात राहणाऱ्या, पूर्वी न झालेल्या दहा जणांपैकी नऊ जणांना त्या होतात. एक तास ओटीवर म्हणजे घर नव्हे, हे खरं. पण विषाणू श्वासातून आणि हवेतून जातो, आणि गरोदर बाईला हा रोग झाला तर तिला न्यूमोनियाचा धोका असतो. बाळंतपणाच्या आधीचे पाच दिवस ते नंतरचे दोन दिवस, एवढ्यात आईला फोड आले तर बाळाच्या जिवावर बेतू शकतं. लस गरोदरपणात देत नाहीत, कारण ती जिवंत विषाणूची असते. तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन असतं, पण ते संपर्कानंतर दहा दिवसांच्या आत द्यावं लागतं. तालुक्याच्या गावात ते फ्रिजमध्ये ठेवून कोणी तुमची वाट पाहत बसलेलं नसतं.

काकूंना फोन केला. आवाज फुटेना. सांगितलं.

"अरे, काळजी कसली करतोस! तिला लहानपणीच आल्यात देवी. चौथीत असताना."

इथे जरा थांबू या. आपल्याकडे या एका शब्दाने जेवढा घोळ घातलाय तेवढा विषाणूनेही घातला नसेल. देवी म्हणजे खरं तर स्मॉलपॉक्स, चेहऱ्यावर व्रण ठेवून जाणारा, जीव घेणारा रोग. त्यावरची भारतातली पहिली लस आपल्याच मुंबईत टोचली गेली, १४ जून १८०२ ला, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. देशातली शेवटची केस मे १९७५ मधली. त्यानंतर सरकारने देवीचा रुग्ण दाखवा आणि हजार रुपये मिळवा असं बक्षीस लावलं होतं. लोक धावत यायचे आणि तपासलं की अनेकदा निघायच्या कांजिण्या. १९८० मध्ये जगातून देवी गेली, पण शब्द काही गेला नाही. कांजिण्या झाल्या, 'देवी आल्या.' गोवर झाला, 'देवी आल्या.' अंगावर पुरळ उठलं की देवी! म्हणजे चाळिशीच्या आतल्या कोणाही माणसाला 'लहानपणी देवी आल्या होत्या' असं सांगितलं जातं, तेव्हा त्याला नक्की काय झालं होतं हे देवीच जाणे.

डॉक्टरांना हे सांगितल्यावर ते हसले नाहीत. "गोवर असेल तर काहीच उपयोग नाही. रक्त तपासून घ्या, आजच." अँटिबॉडी टेस्ट. सँपल चिपळूणहून मुंबईला जाणार, रिपोर्ट तीन दिवसांनी. काकूंच्या जावयाने मला फोन करून एकच वाक्य विचारलं, "तुम्हाला ताप होता तरी तुम्ही जेवायला आलात?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

ते तीन दिवस माझ्या खाजेपेक्षा वाईट होते. आणि खाज काय असते म्हणता! कॅलामाइन लावून मी भिंतीसारखा गुलाबी झालेलो, नखं मुळापासून कापलेली. व्हायरल तापासारखं आठ दिवसांत आपोआप जाऊ द्यावं असं वाटत होतं, पण मोठ्यांना असायक्लोव्हिर देतात आणि त्याचा खरा फायदा पहिला फोड आल्यापासून चोवीस तासांत सुरू केलं तर होतो. मी जेमतेम त्या मुदतीत होतो. आठशे मिलिग्रॅमची गोळी दिवसातून पाच वेळा, सात दिवस. गजर लावून. तापाला फक्त पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन अजिबात नाही, विशेषतः मुलांना तर मुळीच नाही, त्याने यकृत आणि मेंदूवर घातक परिणाम होऊ शकतो. काकूंनी एवढं होऊनही जावयाच्या हातून दाराबाहेर कडुनिंबाचा पाला ठेवला. कोकणात कुठून पैदा केला कोण जाणे. सोबत बिनफोडणीचं वरण आणि निरोप, 'औषध घेऊ नको, देवीला राग येतो.' पाला मी उशाशी ठेवला, वरण खाल्लं आणि गोळीही घेतली. माणसाला वेगळं ठेवायचं, हलकं जेवू घालायचं, पाहुण्यांना दारातून परत पाठवायचं, ही आज्यांची पद्धत काही वेडगळ नव्हती. फक्त ते औषधाचं कलम तेवढं गाळा.

चौथ्या दिवशी रिपोर्ट आला. पॉझिटिव्ह. म्हणजे चौथीत तिला खरंच कांजिण्याच झाल्या होत्या, शरीराने ते नीट लक्षात ठेवलं होतं. काकू फोनवर रडल्या. मीही.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं.

शेजारच्या खोलीतला तो पोरगा, बाइकवर मागे बसणारा. गुहागर तालुक्यातला, वय बावीस, ठेकेदाराकडे ऑपरेटर. त्यालाही मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "मला झाल्यात लहानपणी, आई सांगते," म्हणाला. डॉक्टर मला म्हणाले होते की पूर्वी न झालेल्याने संपर्कानंतर तीन ते पाच दिवसांत लस घेतली तर रोग टळू शकतो, किंवा सौम्य तरी होतो. एका डोसचे साधारण दोन हजार. काकूंच्या मुलीसाठी मी आकाशपाताळ एक केलं. त्याच्यासाठी 'झाल्यात म्हणतोय ना' म्हणून सोडून दिलं. एकाच शब्दावर एकीकडे विश्वास नाही, दुसरीकडे लगेच विश्वास! पंधराव्या दिवशी तो माझ्या दारात उभा. कपाळावर तीन फोड.

त्याला लहानपणी झाला होता तो गोवर.

मला मेडिकल लीव्ह होती. दहा दिवस झोपलो, पूर्ण पगार आला, वर टीमने 'गेट वेल सून'चा केक पाठवला (खायचा नव्हता, तरी खाल्ला). त्याच्या मस्टरवर बारा दिवस कोरे. ईएसआय लागू असलेल्याला आजारपणात पगाराच्या सत्तर टक्के मिळतात, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. त्याला विचारलं तर 'कार्ड प्रोसेसमध्ये आहे.' पाचव्या दिवशी तो फुल शर्ट घालून कामावर निघाला होता. फोड अजून ओले. मी अडवलं. "तुम्हाला काय जातंय सर," म्हणाला. खरंच होतं ते. घरून काम करायचा ऑप्शन व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याला नसतो.

२०२० नंतर आपण सगळे क्वारंटाइन, इन्क्युबेशन असले शब्द फाडफाड बोलायला शिकलो आणि मास्कबरोबर ते ड्रॉवरमध्येही टाकले. ऑफिसात अजून 'ताप असूनही आला बरं का' हे कौतुकाने सांगितलं जातं. प्रत्येक साथीचं घड्याळ वेगळं असतं हे कोणी विचारत नाही. २०२२ च्या अखेरीला मुंबईत, गोवंडी भागात गोवराची साथ आली, तो पुरळ उठायच्या चार दिवस आधी पसरायला लागतो. गालगुंड झाले तर सूज आल्यापासून पाच दिवस घरी. २०२३ च्या जुलैत आळंदीत हजारो जणांचे डोळे आले. ते गॉगल न लावता नुसतं बघितल्याने येत नाहीत, हाताने, टॉवेलने, शेअर केलेल्या माउसने येतात. आणि कांजिण्यांत दिवस मोजायचेच नाहीत. शेवटच्या फोडावर खपली धरली की रजा संपली, मग ते सात दिवस असोत की दहा.

लसीबद्दल घरी विचारून ठेवा. ती आपल्या सरकारी लसीकरणात अजून नाही, त्यामुळे ज्यांच्या आईबाबांनी खासगी डॉक्टरकडे विकत घेतली त्यांनाच मिळालेली असते. मोठेपणीही घेता येते, चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. ती बनवली जपानच्या मिचिआकी ताकाहाशी यांनी. १९६४ मध्ये त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाला कांजिण्यांनी बेजार केलं, तेव्हापासून हा माणूस मागे लागला आणि १९७४ मध्ये लस तयार होती. त्यात वापरलेला विषाणू ज्या मुलाच्या फोडातून घेतला, त्याचं आडनाव ओका. आजही जगभर त्या विषाणूला ओकाच म्हणतात. बरं, एकदा झाल्या की विषाणू जात नाही. मज्जातंतूंच्या मुळाशी झोपून राहतो आणि म्हातारपणी नागीण होऊन उठतो. नागिणीचा वेढा पूर्ण झाला की माणूस दगावतो, हे मात्र साफ खोटं.

पोरगा बरा झाला. धाप लागली नाही, नशीब. बाराव्या दिवशी खपल्या दाखवायला आला, एखादं सर्टिफिकेट दाखवावं तसा. मी पाकीट पुढे केलं, बारा दिवसांची मजुरी. त्याने हात मागे घेतला. फारच आग्रह केला तेव्हा म्हणाला, बघू.

मे महिन्यात तो गावी गेला. आठ दिवसांनी त्याचा व्हॉट्सॲप आला. चिपळूणच्या एका दवाखान्याच्या पावतीचा फोटो, लसीचा एक डोस, नाव धाकट्या भावाचं, इयत्ता नववी. खाली लिहिलं होतं, 'सर हे तुम्ही भरा. दुसरा डोस जुलैत आहे.'