उसाचं बिल आणि शेअरबाजार



उसाचे बिल जमा झाले, सोसायटीची कपात झाली, दुकानदाराची उधारी भागली, की चार पैसे उरतात. हल्ली ते पोरांच्या मोबाईलवरून थेट शेअरबाजारात जातात. कळंब असो की परंडा, पारावर हीच चर्चा. बाजारात जाऊच नका, असे आम्ही म्हणणार नाही. पण कोणता पैसा न्यायचा, हे आधी ठरवा.

खानदेशातले अमळनेर बघा. १९४५ साली प्रेमजींनी तिथे वनस्पती तुपाची कंपनी काढली. गावातल्या लोकांनी शंभर-शंभराचे शेअर घेतले. १९६६ साली मालक वारले, एकवीस वर्षांच्या मुलाने कारभार हाती घेतला. पुढे तीच कंपनी संगणकाच्या धंद्यात शिरली, तीच आजची विप्रो. २००४ साली एका शेअरवर दोन, २००५ साली एकावर एक बोनस मिळाला. अनेक घरांनी पिढ्यान्‌पिढ्या कागद विकला नाही. आमच्या मते रोजचा भाव त्यांना दिसत नव्हता, हेच त्यांचे भाग्य! अर्थात त्या काळची प्रत्येक तेलगिरणी काही विप्रो झाली नाही. म्हणून सगळे रान एकाच वाणाखाली घालू नये.

आपल्या कारखान्याचा शेअर वेगळा. तो दर्शनी किमतीचाच राहतो, त्याचा लाभ ऊस गाळपाला जाण्यात. बाजारातला शेअर वर जातो तसा खालीही येतो. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स एकवीस हजारांवर होता, ऑक्टोबरात आठ हजारांखाली घसरला, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये पुन्हा एकवीस हजारांला टेकला. ज्याला मधल्या काळात लेकीचे लग्न काढायचे होते, त्याने मातीमोल भावाने विकले. त्याला धीर नव्हता असे कसे म्हणावे? पैसाच अडीनडीचा होता.

आपल्या जिल्ह्यात तर पाऊस कधी दगा देईल सांगता येत नाही. बेणे, खत, ठिबकचा हप्ता आणि एका दुष्काळी वर्षाचा घरखर्च बाजूला काढूनच उरलेले गुंतवा. नोकरदार दरमहा टाकतो. आपले उत्पन्न महिन्याचे नाही, तेव्हा बिलाचा हप्ता आला की ठरलेला वाटा टाकावा. कंपन्यांतले कळत नसेल तर निर्देशांकाचा म्युच्युअल फंड बरा.

ऑप्शनचा नाद मात्र आडसाली उसाला दुसऱ्याच महिन्यात कोयता लावण्यासारखा. सेबीने २०२४ साली जाहीर केले, की आधीच्या तीन वर्षांत वायदे-ऑप्शन खेळणाऱ्या वैयक्तिक सौदेबाजांपैकी शंभरात ९३ जण तोट्यात गेले. घरातल्या पोरांना हा आकडा जरूर वाचून दाखवा.