लॉकरमधील सोन्याची हमी किती?

सुटीसाठी बाहेरगावी जाताना दागिने घरात ठेवू नयेत आणि पोलीस ठाण्यास कळवून जावे, असे आवाहन बंगळुरू पोलीस वेळोवेळी करीत आले आहेत. साहजिकच अनेक कुटुंबे बँकेच्या लॉकरचा आधार घेतात. हा मार्ग घरापेक्षा सुरक्षित असला, तरी ती संपूर्ण हमी नव्हे. ऑक्टोबर २०२४ मध्ये कर्नाटकातीलच न्यामती येथे स्टेट बँकेच्या शाखेतून १७ किलोंहून अधिक तारण सोने चोरीस गेले होते. काही महिन्यांनी पोलिसांनी ते हस्तगत केले.

लॉकरमधील ऐवजाबाबत बँकांना हात झटकता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पष्ट केले. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने केलेले नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यांनुसार चोरी, दरोडा, आग किंवा कर्मचाऱ्यांची अफरातफर झाल्यास बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभर पट रकमेइतके असते. भाडे ३ हजार रुपये असल्यास भरपाई ३ लाख रुपये होते. सोन्याचा भाव २०२५ मध्ये तोळ्याला एक लाखापलीकडे गेल्याने ही रक्कम तीन तोळ्यांनाही पुरत नाही.

शिवाय लॉकरमध्ये काय ठेवले आहे, याची नोंद बँकेकडे नसते. त्यामुळे दागिन्यांची यादी, छायाचित्रे, पावत्या आणि स्वतंत्र विमा यांची तजवीज प्रवासापूर्वी ग्राहकानेच करणे हिताचे ठरते.