कृशांनीं निर्धास्त राहूं नये

मुर्री येथील आमच्या घरीं स्थूल मनुष्य एकही नाहीं, याचा आम्हांस अभिमान असे. हृद्रोग स्थूलांसच होतो, अशी आमची दृढ समजूत होती. गतवर्षीं आमच्या कृश धाकट्या बंधूंच्या छातींत कळ आली. सुदैवानें ते वांचले. आमची समजूत मात्र वांचली नाहीं.

पुण्याचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉक्टर जॉन युडकिन यांचें छायाचित्र २००४ सालीं ‘लॅन्सेट’ नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. उंचीच्या मानानें वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु युडकिनांच्या शरीरांत मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरांत २१.२ टक्के! तात्पर्य, आपलें शरीर बाहेरून सडपातळ दिसलें तरी आंत मेद सांठलेला असूं शकतो. आणि पोटांतील मेद मधुमेहास व हृद्रोगास वाट करून देतो. त्याच वर्षीं ५२ देशांतील ‘इंटरहार्ट’ संशोधनानेंही पोटाचा घेर, तंबाखू, रक्तदाब व मधुमेह यांची गणना हृद्रोगाच्या प्रमुख कारणांत केली.

बाह्यरूपावरून परीक्षा करूं नये, हें आम्हीं जन्मभर विद्यार्थ्यांस शिकविलें. स्वगृहीं मात्र विसरलों. वाचकहो, केवळ वजनकांट्यावर विसंबूं नका. कमरेस फीत लावा, वैद्यकीय सल्ल्यानें रक्तदाब व रक्तांतील साखर तपासून घ्या. बंधूंच्या ताटांतील दुसऱ्या लाडवावर सांप्रत आमची करडी नजर आहे. आणि आमच्या तपकिरीच्या डबीवर त्यांची!