पुढील अंकासाठीं एक विषय : नोंदवही

आमच्या वार्षिकांत दरसाल सहलींचीं वर्णनें येतात, क्रीडास्पर्धांचे निकाल येतात आणि पावसावर निदान तीन कविता येतात. त्यांविषयीं आमची तक्रार नाहीं. परंतु पुढील वर्षाचा अंक एकाच विषयास वाहिलेला असावा, अशी सूचना आम्ही संपादक-मंडळापुढें ठेवीत आहों. तो विषय कोणता व कां, हें विद्यार्थ्यांस व पालकांस येथें सांगावयाचें आहे.

विषय आहे माहितीचा महासंचय; हल्लीं ज्यास ‘बिग डेटा’ म्हणतात तो. कोण कोठें गेला, काय विकत घेतलें, कोणतें चित्र किती वेळ पाहिलें, अशा कोट्यवधि माणसांच्या बारीकसारीक नोंदी यंत्रांत सांठवावयाच्या आणि त्यांवरून पुढें कोण काय करील ह्याचा अंदाज बांधावयाचा, असा हा व्यवहार आहे. हा प्रश्न मोठ्या शहरांतील विद्वानांचा, आपणांस त्याचें काय, असें कोणी म्हणेल. आम्हांस उलट वाटतें. नोंदीनें माणसाचें भलें कसें होतें आणि बुरें कसें होतें, हे दोन्ही धडे कोल्हापुरानें पूर्वींच गिरविले आहेत.

शाहू छत्रपतींनीं १८९४ सालीं राज्यकारभार हातीं घेतला, तेव्हां संस्थानच्या सर्वसाधारण प्रशासनांतील ७१ अधिकाऱ्यांपैकीं ६० एकाच जातीचे होते. ही विषमता डोळ्यांस दिसत होतीच. परंतु ती आंकड्यांत मांडतां आली, म्हणून तिच्यावर बोट ठेवतां आलें. २६ जुलै १९०२ च्या हुकुमानें रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं शेंकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांस देण्याचें ठरलें, हें आपण सर्व जाणतों. त्याच हुकुमांतील एका वाक्याकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं : प्रत्येक खात्याच्या मुख्यानें आपण केलेल्या नेमणुकांचें पत्रक दर तीन महिन्यांनीं सादर करावें. महाराज हुकूम काढून थांबले नाहींत. त्यांनीं हिशेब मागितला. येथें नोंद होत होती ती सत्ताधाऱ्यांची आणि लाभ होत होता तो दुर्बळांचा.

आतां दुसरी वही पाहावी. त्याच संस्थानांत महार, मांग, रामोशी, बेरड ह्या समाजांतील लोकांस रोज हजेरी द्यावी लागे. गुन्हा सिद्ध झाला म्हणून नव्हे, तर अमक्या कुळांत जन्मले म्हणून. ही हजेरी महाराजांनीं १९१८ सालीं बंद केली. ब्रिटिश हिंदुस्थानांत मात्र १९११ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें नोंदलेल्या माणसांच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकारही पोलिसांस होता, आणि असले कायदे रद्द होण्यास १९५२ साल उजाडावें लागलें. हा मनुष्य पुढें चोरी करील, हें भविष्य त्याच्या जातीवरून वर्तविलेलें होतें.

आजचें यंत्र तितकें निर्दय आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण कर्ज मागणाऱ्याची पत त्याच्यासारख्या इतर लोकांच्या वागणुकीवरून ठरूं लागली, म्हणजे रीत तीच राहिली. शिवाय एक फरक आहे. हजेरीस उभ्या राहणाऱ्या त्या माणसास आपण हजेरी देत आहों एवढें तरी ठाऊक होतें. खिशांत फोन घेऊन फिरणारे आपण दिवसभर हजेरी देतों आणि ती कोण घेतो हें जाणत नाहीं.

येथें आम्हांस स्वतःचा एक अपराध सांगितला पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं एका शाळेंत प्रवेशाचें काम आमच्याकडे असतां एका मुलीच्या वडिलांच्या नांवांत आमच्या हातून एक अक्षर चुकलें. आधारपत्रावर एक नांव, रजिस्टरांत दुसरें. पुढें तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज यंत्रानें परत केला. तिची आई रोजगार बुडवून चार वेळां कचेरीच्या पायऱ्या चढली. चूक आमच्याच हस्ताक्षरांत होती, म्हणून ती अखेर सांपडली व दुरुस्त झाली. शिष्यवृत्तीची मुदत मात्र टळून गेली होती. जेथें कोणाचें हस्ताक्षरच नाहीं, तेथें त्या माउलीनें कोणाच्या दारीं जावें?

आधाराचा पहिला क्रमांक आपल्याच महाराष्ट्रांत, नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली गांवीं, २९ सप्टेंबर २०१० रोजीं दिला गेला. त्याचे फायदे आम्ही नाकारीत नाहीं. तरी ऊंस तोडून अथवा फाउंड्रींत राबून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांस रेशनच्या दुकानांतील यंत्र ओळखीत नाहीं, तेव्हां परत फिरावें लागतें तें माणसास. यंत्रास कोणी जाब विचारीत नाहीं. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ च्या कायद्यांत अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वीं पालकांची संमति घ्यावी असें म्हटलें आहे. शाळेकडून आलेल्या संमतिपत्रावर आपण सही करतां, ती वाचून करतां काय? रागावूं नये, आम्हीही आमच्या मुलांच्या कागदांवर बसस्टँडवर उभ्या उभ्या सही केलेली आहे.

म्हणून हा अंक. नववीच्या मुलांनीं एका दिवसांत आपण व घरच्यांनीं कोठें कोठें नांव, नंबर किंवा अंगठा दिला, ह्याची यादी करावी. दहावीच्या मुलांनीं इतिहासाच्या शिक्षकांसह कोल्हापूरच्या पुराभिलेखागारांत जाऊन १९०२ च्या हुकुमाविषयीं काय पाहावयास मिळतें तें लिहावें. नांवाच्या एका अक्षरापायीं ज्यांना खेटे घालावे लागले अशा पालकांनीं आपली हकीकत मराठींत, साध्या शब्दांत लिहून पाठवावी. ती छापतांना नांव वगळूं. आणि पहिला लेख आमच्या कचेरीनेंच लिहावा, असा आमचा आग्रह राहील : ही शाळा प्रत्येक विद्यार्थ्याविषयीं काय काय टिपून ठेवते, तें कोठें असतें, कोण पाहतो, आणि चूक आढळल्यास कोणाकडे यावें. हा लेख लिहिणें सर्वांत कठीण जाईल.

लेख दिवाळीच्या सुटीनंतर पहिल्या आठवड्यांत वर्गशिक्षकांकडे द्यावे. कवितांस मनाई नाहीं. पावसावरील मात्र या खेपेस नकोत.