पाठपिशवी, आगगाडी आणि रक्तदाबाची गोळी



दवाखान्यात तीस वर्षे बसल्यावर डॉक्टरच्या तोंडी काही शब्द आपोआप येऊ लागतात. ‘टाळा’ हा त्यांपैकी एक. तेलकट टाळा, जागरण टाळा, दगदग टाळा. बहुतेक वेळा हा सल्ला योग्यच असतो. पण कधी कधी तो केवळ सोपा असतो. हा फरक मला उशिरा कळला.

आमच्या गावात भूगोल शिकवणारे एक निवृत्त शिक्षक होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवून त्यांना दोन वर्षे झाली होती. औषधे नियमित, रक्तदाब आटोक्यात, रोजचे चार किलोमीटर चालणे चुकत नसे. एक दिवस ते श्रीलंकेचा नकाशा घेऊन आले आणि म्हणाले, “डॉक्टरबाई, कोलंबोहून बदुल्ल्यापर्यंत डोंगरातून आगगाडी जाते. एकदा बसावे म्हणतो. जाऊ का?” बाहेर रुग्णांची रांग होती. मी म्हणाले, “गुरुजी, कशाला आता? दगदग टाळा.” त्यांनी नकाशाची घडी घातली आणि नेहमीच्या गोळ्यांची चिठ्ठी मागितली. पुढच्या पावसाळ्यात ते न्यूमोनियाने गेले. हृदयाने अखेरपर्यंत त्रास दिला नव्हता.

काही वर्षांनी, फेब्रुवारीत, शाळेपासूनची मैत्रीण आणि मी पाठीवर सात-सात किलोंच्या पिशव्या घेऊन कोलंबोला उतरलो. दोघीही पन्नाशी ओलांडलेल्या. मला रक्तदाब, तिला मधुमेह. गाडी ठरवायची नाही, बस आणि आगगाडीनेच फिरायचे, असा निश्चय होता. तिथे भेटणारा प्रत्येक जण हात जोडून ‘आयुबोवन’ म्हणतो. ‘दीर्घायुषी व्हा’ असा त्याचा अर्थ. डॉक्टरला याहून चांगले स्वागत ते कोणते?

या मार्गाचा इतिहास मोठा रंजक आहे. इंग्रजांनी मळ्यांतला माल बंदरापर्यंत नेण्यासाठी हा लोहमार्ग बांधायला घेतला. १८६७ साली तो कँडीला पोहोचला आणि १९२४ साली बदुल्ल्याला. आरंभी कॉफी, ती रोगाने गेल्यावर चहा. कँडी सुमारे पाचशे मीटर उंचीवर आहे; तिथून गाडी चढत चढत पट्टिपोला स्थानकाशी जवळजवळ १,९०० मीटर गाठते. बाहेर हिरव्या उतारांवर चहा खुडणाऱ्या बाया, मध्येच बोगदा, मध्येच धुके. उघड्या खिडकीतून आलेल्या गार वाऱ्याने दोघींनीही शाली काढल्या. एल्लाहून आम्ही चालत नऊ कमानींच्या पुलापर्यंत गेलो. १९२१ साली पूर्ण झालेला हा दगडी पूल अजून गाड्यांचा भार पेलतो. पुढे देमोदऱ्याला लोहमार्ग वळसा घेऊन स्वतःच्याच स्थानकाखालून बोगद्यातून जातो. गुरुजींनी हे फळ्यावर काढून दाखवले असते, असे वाटून गेले.

आता माझ्या चुकीकडे येते.

एल्लाहून मातऱ्याकडे बसने उतरायचे होते. आपल्या एसटीसारखीच लाल सरकारी बस, तशीच गर्दी. वाटेत स्वच्छतागृह कुठे मिळेल याची खात्री नव्हती, म्हणून सकाळपासून मी अर्धा कप चहापलीकडे काही प्यायले नाही. मात्र रक्तदाबाची गोळी शिस्तीने घेतली. तिच्यात लघवी वाढवणारे औषधही असते. बसायला जागा नव्हती. वेल्लवायकडे उतरणारी वळणे सुरू झाली, ऊन चढले, आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. घाम फुटला, कान बंद झाले. तीस वर्षे रुग्णांना सांगत आले, ते सुदैवाने आठवले. खांबाला धरून उभी न राहता मी तिथेच खाली बसले आणि डोके गुडघ्यांत घातले. शेजारच्या सिंहली बाईंनी न विचारता आपली जागा दिली. पुढच्या थांब्यावर वाहकाने बस थांबवून ठेवली, तोवर मैत्रिणीने केशरी शहाळे आणले. तिथे त्याला ‘थंबिली’ म्हणतात. तासाभराने मी माणसांत आले.

झाले ते असे. शरीरातले पाणी कमी झाले की रक्ताचे आकारमान घटते. उभे असताना रक्त पायांत साठते. रक्तवाहिन्या आकसून शरीर तोल सावरू पाहते. पण रक्तदाबाच्या काही गोळ्या नेमक्या तिथेच आड येतात. मेंदूला क्षणभर रक्त कमी पडते आणि माणूस कोसळतो. हा हृदयविकार नव्हे, पण धावत्या बसमध्ये डोके आपटले तर परिणाम गंभीर होऊ शकतो. भगिनींनो, स्वच्छतागृहाच्या भीतीने पाणी न पिणे ही आपली जुनी सवय आहे. तिच्यापायी चक्कर येते, मूत्रमार्गाचा संसर्गही होतो. निघण्याआधी जाऊन यावे, वाटेत घोट घोट पाणी पीत राहावे, आणि लघवीचा रंग गडद होऊ लागला तर ती सूचना समजावी. प्रवासाच्या दिवशी गोळी कोणत्या वेळी घ्यायची, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारावे. मनाने मात्र बंद करू नये.

शहाळ्याबद्दलही एक सावधगिरी. त्यात पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, तसेच पोटॅशियम वाढवणारी रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी ते किती प्यावे, हे विचारून ठरवावे.

अशा प्रवासात आणखी काय सांभाळावे, ते थोडक्यात सांगते.

औषधे : रोजची औषधे दोन ठिकाणी विभागून ठेवावीत, म्हणजे एक पिशवी हरवली तरी अडत नाही. सोबत औषधांच्या मूळ नावांची चिठ्ठी असावी. इन्सुलिन उन्हात किंवा तापलेल्या बसच्या खिडकीशी ठेवू नये. गाड्या उशिरा धावतात, जेवण लांबते. मधुमेहींनी साखर किंवा ग्लुकोज खिशातच ठेवावे, वर टाकलेल्या पिशवीत नव्हे.

बस लागणे : डोळे बसच्या आतले स्थिर दृश्य पाहतात आणि कानातला तोलाचा अवयव वळणे सांगतो. या विसंगतीने मळमळ होते. पुढच्या बाजूला बसावे, दूर समोर पाहावे, मोबाइल मिटावा. गोळी निघण्यापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग कमी. प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा त्रास असणाऱ्यांनी या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

आगगाडीचे दार : दारातून बाहेर झुकून छायाचित्र काढण्याची तिथे फार हौस दिसते. बोगद्यांच्या भिंती आणि झाडांच्या फांद्या डब्याला अगदी लागून असतात. दृश्य खिडकीतूनही तेच दिसते. चार तासांहून अधिक बसणे असेल तर अधूनमधून उठून फिरावे, घोटे वर-खाली हलवावेत. पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका त्याने कमी होतो.

डास : जागतिक आरोग्य संघटनेने श्रीलंकेला २०१६ साली हिवतापमुक्त जाहीर केले, परंतु डेंग्यू तिथे आहे. तो डास दिवसा चावतो. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. ताप आला तर पॅरासिटामॉलखेरीज वेदनाशामक मनाने घेऊ नये, परतल्यावर ताप आला तरी प्रवासाची माहिती डॉक्टरांना द्यावी.

कुत्री आणि माकडे : देवळांपाशी दोन्ही असतात. चावले किंवा ओरखडले तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी.

गरज पडल्यास तिथे १९९० या क्रमांकावर विनामूल्य रुग्णवाहिका मिळते. ‘सुवसेरिया’ नावाची ही सेवा २०१६ साली भारताच्या अनुदानातून सुरू झाली, हे जाता जाता सांगायला आनंद वाटतो. आणि पावसाळ्यात दरडींमुळे डोंगरातला लोहमार्ग बंद पडतो, तेव्हा गाड्या चालू असल्याची खात्री करूनच निघावे.

मग प्रत्येकाने जावे का? नाही. अलीकडे छातीत दुखले असेल, रक्तदाब किंवा साखर आटोक्यात नसेल, बसल्या जागी धाप लागत असेल, तर आधी उपचार, नंतर प्रवास. पण विकार स्थिर असेल, दोन जिने न थांबता आणि छातीत न दुखता चढता येत असतील, तर नुसत्या वयाच्या आकड्यावरून नकार देणे बरे नव्हे. नाही म्हटल्याने डॉक्टरची जबाबदारी टळते. रुग्णाचे काय गेले, ते कोणत्याही तपासणीत दिसत नाही.

मातऱ्याहून कोलंबोला परतताना गाडी किती तरी वेळ समुद्राच्या कडेने धावते. खिडकीशी बसून मी पाण्याची बाटली संपवली आणि गुरुजींना काय सांगायला हवे होते, त्याचा विचार केला. अवघ्या दहा मिनिटांचे काम होते. एक तपासणी, औषधांची एक यादी, सोबतीला एक माणूस, आणि दिवसाला एकच टप्पा.

आता दवाखान्यात कोणी नकाशा घेऊन आले की मी खुर्ची पुढे ओढते. तुम्हीही डॉक्टरांकडे जाल तेव्हा ‘जाऊ का?’ एवढेच विचारू नका. ‘जायचे आहे, काय काळजी घेऊ?’ असे विचारा. प्रश्न असा आला की आम्हालाही ‘टाळा’ म्हणून सुटता येत नाही.